मागच्या खोलीतलं स्टेशन

"डिसिजन पेंडिंग आहे," असं म्हणून डॉक्टर चष्मा काढत, स्वेटरच्या टोकाने पुसत आणि पुन्हा डोळ्यांवर चढवत. एवढं झालं की विषय संपला असं समजायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. दुसऱ्यांच्या जीवनमरणाचे निर्णय तो मिनिटात घेतो आणि स्वतःच्या आवडीच्या गोष्टीवर वर्षानुवर्षं अडून बसतो.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या हॉस्पिटलात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. हात चालेनासे झालेल्या माणसांना बटण लावणं, किटली उचलणं अशी रोजची कामं पुन्हा जमवून देणं, हा माझा धंदा. डॉक्टर तिथेच भूलतज्ज्ञ होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाल्यावर ते माझ्याकडे पेशंट म्हणून आले. कंपवात. उजवा हात जास्त.

मी फॉर्म काढला. शर्टाची बटणं?

"बायको लावते."

सुरी-काटा?

"हाताने जेवतो. बाई, तुमच्या यादीत आगगाडी नाही का?"

नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले.

वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तरुणपणी नॉटिंगहॅमच्या डॉक्टर्स क्वार्टर्समध्ये त्यांनी जमिनीवर पहिली खेळण्यातली गाडी फिरवली. पुढे दर सहा महिन्यांनी नवी नोकरी, नवं गाव. गाडी खोक्यात गेली. रिटायर झाल्यावर ते पुन्हा तिच्याकडे वळले, पण कोणत्या मापाची करायची ते ठरेना, म्हणून तिन्ही मापांचं सामान घेऊन ठेवलं. एन गेज सगळ्यांत बारीक, त्यातला माणूस नखाएवढा. डबल-ओ मधलं. ओ गेज मोठं, त्यातला डबा हातभर लांब. शिवाय भिंतीला टेकवलेले पाच नकाशे: एक स्कॉटिश पूल, एक कोळशाची खाण, आणखी काय काय. दोन वर्षांत एक खिळा ठोकलेला नव्हता.

मी एन गेजचं एक इंजिन त्यांच्या हातात दिलं आणि रुळावर ठेवायला सांगितलं. चार वेळा घसरलं.

"हे माप बंद," मी म्हटलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दारात त्यांची बायको उभी होती. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. "बरं झालं कुणीतरी बोललं," त्या म्हणाल्या. "मी कधीची बोलतेय."

"तू पसाऱ्याबद्दल बोलत होतीस. या बाई माझ्या हाताबद्दल बोलल्या."

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, तुम्ही आल्यापासून मला काय जमत नाही ते बघताय. काय पुरं करायचंय ते विचारा की."

मला राग आला, कारण बरोबर होतं. मी विचारलं. चष्मा पुसला नाही, काही नाही. ताबडतोब उत्तर आलं. त्यांचे वडील कुर्डुवाडी आणि बार्शीच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर मास्तर होते. अरुंद रुळांवरची छोटी गाडी. एक खोली, एक लिंब, पाण्याची टाकी. ते स्टेशन त्यांना करायचं होतं, पूर्ण, आणि स्वतःच्या हाताने. हात किती दिवस साथ देईल ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"मी बार्शीची," मी म्हटलं.

"मग इतका वेळ फॉर्म कसले भरताय?"

त्या दिवशी माप ठरलं. घर, झाड, डबे मोठ्या मापाचे आणि रूळ मात्र मधल्या मापाचे. मोठ्या घरांपुढे ते आपोआप अरुंद दिसतात, अगदी आमच्या गाडीसारखे. हा शोध लागल्यावर डॉक्टर खोलीत दोनदा गोल फिरले. पाचही नकाशे वहिनींनी त्याच दुपारी माळ्यावर टाकले.

त्यानंतर दर शनिवारी मी जायचे. ब्रशला सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवली. मनगटाला वजन बांधलं. कोपर टेकायला उशी दिली. मी हात लावायचा नाही, हे आमचं ठरलेलं. लिंबाला पानं चिकटवायला एक अख्खी थंडी गेली. वहिनींची चहाची गाळणी विटेची पूड चाळण्यात खर्ची पडली. त्या प्रत्येक पाहुण्याला चहा देताना हे सांगत.

वर्षभराने, मी दोन शनिवार सुट्टीवर असताना, फलाट तयार झाला. डॉक्टरांनी मोठ्या ऐटीत कापड उचललं. मी बघितलं आणि बोलायचं की नाही असा क्षणभर विचार केला. मग बोलले.

"डॉक्टर, फलाट एवढा उंच कुठे होता?"

"फलाट आहे, उंच असणारच."

"अहो, जमिनीवर मुरूम टाकलेला असायचा. मी फ्रॉक सावरून डब्याच्या पायऱ्या चढायचे आणि वरून आई हात द्यायची."

ते खाली बसले. "तीस वर्षं इथल्या गाड्यांत चढतोय," ते हळूच म्हणाले. "वडिलांचा फलाट पुसला गेला हो. मला कळलंसुद्धा नाही."

वहिनींनी ब्रेड कापायची सुरी आणून दिली. त्यांनी स्वतः तो फलाट कापून काढला. हात थरथरत होता, पण कापायला त्याची अडचण नव्हती. मी डोळे मिटून सांगत गेले, टाकी कुठे, पाटी कुठे, आणि त्यांनाही एकेक आठवत गेलं. दोघांचं जुळलं नाही तिथे ते जिंकले. स्टेशन त्यांचं होतं.

आणखी दोन वर्षं लागली. एका शनिवारी गाडी टाकीखालून निघून लिंबाशी येऊन थांबली. डॉक्टरांनी हाक मारली, "अगं, झालं!"

वहिनी पिठाच्या हातांनी आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "इथे बसायला बाक नाही?"

"नव्हता."

"मग ठीक आहे."

त्यानंतर डॉक्टर जेमतेम सहा महिने होते. आजही नवा पेशंट आला की मी फॉर्म बाजूला ठेवते आणि आधी विचारते, तुम्हाला काय पुरं करायचंय. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीही तेच विचारतात. हे कुठल्याच कोर्समध्ये मी शिकले नव्हते.

ते गेल्यावर मॉडेल रेल्वेच्या क्लबचे दोन गोरे गृहस्थ स्टेशन न्यायला आले. दारातून निघावं म्हणून डॉक्टरांनी ते आधीपासूनच दोन तुकड्यांत बांधलं होतं. वहिनींनी दोघांना दारातच बूट काढायला लावले. जिना अरुंद, पायात नुसते मोजे, आणि दोघं एक एक पायरी चाचपत लिंबासकट अर्धं स्टेशन खाली आणत होते. वहिनी वरून मराठीतच ओरडत होत्या, "सावकाश! माणसं राहतात त्यात!" त्या दोघांना शब्द कळला नसेल, पण ते थांबले, आणि पुढची पायरी आणखी हळू उतरले.