काळी माती, अकरा सुपाऱ्या

मी ते वाक्य बोललो तेव्हा सगळे हसले, आणि मला वाटलं, वा, काय बोललो. जिंतूरच्या शाळेत वक्तृत्वात दोनदा पहिला आलेला माणूस मी. हशा मिळाला की माझं पोट भरतं. वाक्य असं होतं: "तातेराव, जमिनीची पारख ज्यांच्या सात पिढ्या जमिनीत गेल्या त्यांना करू द्या. तुमच्या घरी कधी जमिनीचा पट्टा आला होता का?"

तातेराव हसले नाहीत. खिशातून सुपारी काढली, ताटलीत टाकली, आणि टोपी नीट करत बसून राहिले.

ही ताटली म्हणजे आमच्या मंडळाचा कायदा. आम्ही अकरा जण, सगळे मराठवाड्यातून हैदराबादला नोकरीला आलेले, एकाच दफ्तरातले. दर महिन्याला पाच पाच रुपये जमा करायचे, दोन वर्षांनी वाटून घ्यायचे, असा बेत होता. पैसा दुसरीकडे हलवायचा तर प्रत्येकानं ताटलीत एक सुपारी टाकायची. दहा पडल्या आणि अकरावी पडली नाही, तर पैसा जागचा हलायचा नाही. हेडक्लार्क हिम्मतराव आमचे म्होरके. जामबागेतल्या त्यांच्या भाड्याच्या घरी बैठक भरायची, आणि उरलेल्या सुपाऱ्या त्यांच्याच घरी राहायच्या. त्यांचं पान वर्षभर फुकटात रंगलं, असं मी एकदा बोललो होतो. त्यालाही हशा मिळाला होता.

छप्पन सालचा मे महिना होता. हैदराबाद राज्य तुटणार हे नक्की झालेलं. मराठवाडा मुंबईकडे, तेलंगण आंध्राकडे, आणि आम्ही कुणाकडे, ते ज्यानं त्यानं फॉर्मवर लिहून द्यायचं. औरंगाबादला जायचं की इथंच राहायचं? माणसाच्या पायाखालची जमीन अशी हलायला लागली, की त्याला विकत घ्यावीशी वाटते ती जमीनच. हिम्मतरावांनी विषय काढला: "पैसे वाटून घेतले तर खाऊन संपतील. दिलसुखनगरच्या पुढं दीड एकर येतंय. आज रान आहे, उद्या शहर होईल."

मी आणि हिम्मतराव ती जागा बघून आलो होतो. खरं सांगतो, मी तिच्या प्रेमात पडलो होतो. हैदराबादेत जिकडं बघावं तिकडं खडक आणि तांबडा मुरूम. आणि त्या सगळ्यात हे दीड एकर काळंभोर! उन्हानं भेगाळलेलं, भेगेत हात कोपरापर्यंत जाईल असं. मी ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. मला जिंतूरच आठवलं. दलाल म्हणाला, "यहाँ पानी की कमी नहीं, साब." आम्ही आणखीनच खूष झालो. घर बांधायला निघालेली माणसं, पण आम्ही जमीन बघितली ती कपाशी लावायला निघाल्यासारखी.

दहा सुपाऱ्या पडल्या. राहिले तातेराव.

तातेराव आमचे दफ्तरी. बस्ते बांधणं, कागद टाचणं, जुनी फाईल शोधणं ही त्यांची कामं. त्यांनी बांधलेली गाठ हिम्मतरावांनासुद्धा सुटायची नाही, मग ते तातेरावांनाच हाक मारायचे. कंधार तालुक्यातले, महारवाड्यातले. वीस वर्षं हैदराबादेत. फार बोलायचे नाहीत; बोलले तर कागद टाचल्यासारखं, एकदाच आणि आरपार.

"साहेब," ते म्हणाले, "पैसा वाटता येतो. जमीन कशी वाटायची? निम्मे लोक औरंगाबादला चाललेत. ते काय पाटीत माती भरून नेणार?"

कुणीतरी खोकलं.

"आन् दुसरं. आपल्याला तिथं राहायचंय, पेरायचं न्हाई. घराला खडक पायजे. खडकाच्या गावात एवढुशी काळी माती आली कुठून, ते आधी बघा. मला जुलैत पैसे लागतेत. माझ्या पोरीचं, सखूचं नाव नर्सच्या शिक्षणाला लागलंय. फी हाय, डिपॉझिट हाय, दोन जोड पांढरे कपडे हायेत. माझा वाटा मला द्या, बाकीचं तुम्ही घ्या जमीन."

एक वाटा काढला तर रक्कम अपुरी पडत होती. हिम्मतराव माझ्याकडं बघायला लागले. आणि मी ते वाक्य बोललो.

त्या हसण्यात त्यांना सुपारी टाकावी लागली. मी जबरदस्ती केली नाही, हे मी स्वतःला पुढं पुष्कळ दिवस सांगत होतो. वक्तृत्वाचा हाच फायदा असतो, हात लावावा लागत नाही.

जुलै आला आणि गेला. सखूची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. तातेरावांनी दफ्तरात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीच एकदा विचारलं, "सखूचं काय झालं?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी." आणि बस्ता बांधायला लागले.

ऑगस्टमध्ये हिम्मतरावांनी फर्मावलं, जागेवर खांब रोवून या. मी आणि तातेराव अफझलगंजहून बसनं निघालो, बस थांबली तिथून पुढं चालत. मी खांबांच्या जागा मनात ठरवत होतो. चढावरून खाली बघितलं आणि थांबलो.

जमीन नव्हती. पाणी होतं. लांबवर पसरलेलं, वाऱ्यानं शहारणारं, मधे दोन बगळे. उन्हाळ्यात पलीकडं एक उंच बांध दिसला होता. मला वाटलं होतं, जुना रस्ता असेल. तो तलावाचं पाणी अडवणारा कट्टा होता. आमची काळी माती म्हणजे तलावाच्या पोटातला गाळ.

मी तरीही पुढं गेलो. का, ते विचारू नका. गुडघाभर पाण्यात शिरलो, एक चप्पल गाळानं ओढून घेतली. एक माणूस जाळं टाकून उभा होता. मी ओरडलो, "ये हमारी जमीन है!"

तो एक मासा वर धरून म्हणाला, "हौ साब. मच्छी होना क्या?"

तातेराव काठावर उभे होते. आता हसतील, मला वाटलं. हसले असते तर बरं झालं असतं.

परत आलो ते अफझलगंजच्या इराण्याकडं. मी एका पायात चप्पल, दुसरा पाय गाळानं माखलेला. पाकीट ओलं होऊन त्यातली एकुलती एक नोट लगदा झालेली. दोन चहा आणि एक बन-मस्का तातेरावांनी मागवला, सहा आणे त्यांनीच दिले. बन मीच खाल्ला.

मग ते म्हणाले, "माझा बाप गावची शीव दाखवायचा. मोजणीदार आला, की पाटलाच्या आधी बापाला बोलावणं. ह्याचं शेत कुठं संपतं, पाणी कुठवर येतं, सगळं त्याच्या पायाला ठाऊक. आमच्याकडं पट्टा नव्हता, साहेब. पारख होती."

माझ्या तोंडात बन होता. मी तो चावत राहिलो.

दसऱ्याला तातेराव नागपूरला जाऊन आले. बौद्ध झाले. आल्यावर सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला, आणि त्या दिवसापासून मला 'साहेब' म्हणायचे बंद झाले. "घ्या, प्रतापराव." नाव माझंच, पण ते असं सरळ ऐकायची सवय नव्हती. नोव्हेंबरात राज्य तुटलं. पाच जण औरंगाबादला गेले. जाताना प्रत्येकानं "आमच्या वाट्याचं बघा" असं बजावलं. पाटी कुणी नेली नाही.

पुढचा मे आला. पाणी आटलं, काळी माती पुन्हा वर आली, भेगा पडल्या, सगळं जसंच्या तसं. हिम्मतराव म्हणाले, "आत्ताच विकायची." गिऱ्हाईकही चालून आलं होतं. कर्नूलची राजधानी हैदराबादेत आल्यामुळं तिकडचे कारकून आले होते, त्यांचंही आमच्यासारखंच मंडळ होतं. तिघं जण बघायला आले. एकानं ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. मी मान फिरवली.

आमचा पूर्ण पैसा परत येत होता. तातेरावांचा वाटा आला असता, सखूचं नाव जुलैत पुन्हा लागणार होतं. हिम्मतराव सांगत होते, "पानी की कमी नहीं." तोंड उघडायची मला मोठी हौस, पण त्या दिवशी ती कुठं गेली होती कोण जाणे.

तातेराव पुढं झाले. "साब, बारिश में आके देखो. ये तालाब का पेट है. घर नक्को बांधो इधर."

कर्नूलवाल्यानं ढेकूळ खाली ठेवलं, हात झटकले, तातेरावांना नमस्कार केला, आणि ते गेले.

हिम्मतराव तातेरावांकडं वळले. "तातेराव, तुम्हालाच पैसे हवे होते ना?"

"हवेतच की."

"मग?"

"तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही ऐकलं न्हाई. त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकलं. सांगायचं काम माझं."

त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईंनी, मात्र ते इतकं सोपं जाऊ दिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तर त्या चुलीपाशी बसून ऐकवत होत्या, "लई मोठे आले खरं बोलणारे! खऱ्याची फी भरत असतेत का दवाखान्यात?" मला बघून म्हणाल्या, "या, जमीनदार." पण जुलैत त्यांनी दंडातल्या चांदीच्या वाक्या मोडल्या आणि सखूची फी भरली. त्यांच्या दंडावर त्या वाक्यांचे फिकट वळ अजून आहेत. मी तिथं बघायचं टाळतो.

आमचं दीड एकर अजून आमचंच आहे. मंडळांनी पैसा जमिनीत घालावा का, असं मला नवे कारकून विचारतात. मी म्हणतो, बैठकीत ज्याच्यावर तुम्ही हसाल त्याला विचारा.

परवा तातेरावांपुढं सहा आणे ठेवायला गेलो. आता आणे गेले, नवे पैसे आले, म्हणून हिशेबानं सदतीस नवे पैसे मोजून नेले. बोलायचं दुसरंच होतं, बैठकीतल्या त्या वाक्याबद्दल. वर्षभर पाठ केलेलं होतं. त्यांनी बस्ता बांधता बांधता नाणी बघितली.

"सहा आण्यांचे साडेसदतीस होतेत, प्रतापराव. अर्धा पैसा कमी हाय."

"अर्धा पैसा निघालाच नाही हो अजून. अडतीस घ्या."

"जास्तीचं मला नको." त्यांनी गाठ आवळली. "निघाला, की आणून द्या. तोवर राहू द्या तुमच्याकडं."

मी नाणी उचलली. पाठ केलेलं तसंच राहिलं.