चांदणीच्या दारातल्या चपला

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेले, तर चांदणीच्या दारात एकही चप्पल नव्हती. चांदणी तृतीयपंथी. बाळ झालं की आमची गल्ली तिला आशीर्वादाला बोलावते, पण उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवते.

"वाणाच्या वाट्या उरणार बहुतेक, ताई," ती म्हणाली.

तेवढ्यात समोरच्या काकू आल्या. चांदणीला इथे खोली देऊ नका, या अर्जावर पहिली सही त्यांचीच होती.

"उशीर झाला गं मला," म्हणत त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं. चिमूटभर कुंकवासाठी माणसाला किती वर्षं बाहेर उभं ठेवतो आपण.

मग बायका येतच राहिल्या. वाट्या संपल्या, तेव्हा चांदणीनं फळीवरची स्वतःची वाटी पुसून दिली.

निघताना दारातल्या ढिगात मला माझ्या चपला सापडेनात.