तळाची दोन बोटं

आण्णा चहा दोनदा गाळायचे. हॉटेलवाल्याने गाळून दिलेला चहा समोर आला की खिशातून घडी घातलेला पांढरा रुमाल निघायचा. तो दुसऱ्या कपावर ताणून धरायचा आणि सावकाश चहा त्यातून उतरवायचा. तोवर आमचा पिऊन झालेला असायचा आणि त्यांचा गार. गाव त्यांना पाठीमागे ‘गाळणी आण्णा’ म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि माझा संशय असा की आवडतही होतं.

कागलकडच्या एका साखर कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला होता. “रस गाळल्याबिगर साखर हुत न्हाई” हे त्यांचं वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की पारावरची माणसं चप्पल शोधायला लागायची. गावात कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस मेली, अशी बातमी घेऊन कुणी आलं तरी आण्णा शांतपणे म्हणायचे, “आदी गाळ, मग सांग.” सांगणाऱ्याचा निम्मा उत्साह तिथेच मरायचा.

मी गावच्या शाळेत मास्तर. आमचं गाव कोल्हापूरजवळच, पंचगंगेच्या काठावर. पुराची भीती म्हणून गावाला एक छोटी बोट मिळाली, मागे लावायचं पेट्रोलचं इंजिन मिळालं आणि मी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असल्यामुळे बचाव पथकाचं प्रमुखपदही माझ्याच गळ्यात पडलं. पहिल्याच चाचणीत इंजिन चार वेळा खोकलं आणि बंद पडलं. काठावर बसलेल्या आण्णांनी न विचारता निदान केलं, की पेट्रोलमधून घाण येतेय, टाकी आणि इंजिनाच्या मधल्या नळीत फिल्टर बसवा. मी म्हटलं, बसवा की. हे म्हणण्याआधी मी चहाचा रुमाल आठवायला हवा होता.

अर्ध्या तासाचं काम. चार दिवस चाललं. फिल्टर आणायला मी शिवाजी पेठेतल्या दुकानात तीनदा गेलो. पहिला आणला तर त्याचं तोंड नळीपेक्षा जाड. दुसऱ्या खेपेला नळी आवळायच्या पट्ट्या आणल्या, तर त्यांची धार नळी कापेल म्हणून परत. तिसऱ्या खेपेला दुकानदारानेच मला पाणी दिलं आणि विचारलं, “पावणं, जहाज बांधताय काय?” शेवटी आण्णांनी नळी कापली, धुतली, वाळवली, उजेडाला धरून आरपार बघितली. फिल्टरवर एक बाण असतो, पेट्रोल कुठून कुठे जायचं ते दाखवणारा. त्या बाणावर माझं बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, “गुर्जी, बाण कुणीकडं?” मी म्हटलं, इंजिनाकडे. “मोठ्यानं.” पथकातली सगळी पोरं हसत होती आणि मी, ज्याने त्यातल्या निम्म्यांकडून पाढे म्हणवून घेतले होते, मोठ्याने ओरडत होतो की बाण इंजिनाकडे.

सगळं बसल्यावर त्यांनी ते पुन्हा उघडलं. फिल्टरच्या खाली एक पारदर्शक वाटी होती. पेट्रोलमधलं पाणी जड, ते त्या वाटीत तळाला साठतं आणि खालचा स्क्रू ढिला करून काढून टाकता येतं. ती वाटी आतल्या बाजूला वळली होती. “जे दिसत न्हाई ते कोण बघत न्हाई,” आण्णा म्हणाले आणि आणखी एक दुपार गेली. पुढे साहेब मंडळींसमोर प्रात्यक्षिक होतं तेव्हा हार, नारळ, फोटो सगळं जमून आलेलं असताना आण्णांनी भर नदीत हात वर करून इंजिन बंद करायला लावलं आणि वाटीला डोळा लावून बसले. वाटीत काही नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, बिघडलं का? त्या दिवशी मी आण्णांशी बोललो नाही.

मग पूर आला. गावाचा रस्ता तुटला, पेट्रोल पंप पाण्यात गेला. सकाळी फोन आला की ओढ्यापलीकडच्या मळ्यात पाच माणसं गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसली आहेत. बोट तयार होती, टाकी मात्र जवळजवळ कोरडी. गाव दिलदार आहे, ते मी नाकारणार नाही. अर्ध्या तासात दारोदारीच्या मोटारसायकलींमधून पेट्रोल निघालं आणि ताकाचे कॅन, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, जे हाताला लागेल त्यात भरून आलं. कुणी कॅन धुऊन आणला होता, पण पुसला नव्हता. वरून पाऊस.

आण्णांनी सगळं एका उभ्या कॅनमध्ये ओतायला लावलं आणि तो देवळाच्या पायरीवर ठेवून म्हणाले, हलवू नका, पाणी खाली बसू दे. वीस मिनिटं. पाणी तिकडे पत्र्याला टेकत होतं आणि हा माणूस कॅनसमोर उकिडवा बसला होता. मग त्यांनी तो तिरका केला आणि करंगळीएवढ्या धारेने, कापडातून, टाकीत ओतायला लागले. तळाची दोन बोटं कॅनमध्येच सोडायची म्हणत होते. माझा संयम सुटला. सगळ्या गावासमोर मी त्यांच्यावर ओरडलो, “तुमची बायको असती तिथं, तर असं गाळत बसला असता काय?”

आण्णांनी मान वर केली नाही. धारही तुटली नाही.

“तीच हाय की तिथं,” ते म्हणाले. “म्हशी सोडाय गेलीया. म्हणून तर गाळतोय.”

आम्ही गेलो. ओढ्याच्या मध्यावर, जिथे पाण्याला सर्वांत जास्त ओढ होती, तिथे मी वाटीकडे बघितलं. एवढं गाळूनही तळाला बोटभर पाणी जमलं होतं. ते इंजिनात गेलं असतं तर काय झालं असतं, ते मी अजूनही पुरतं मनात आणत नाही. इंजिन एकदाही खोकलं नाही. पाचही जणांना घेऊन आम्ही परतलो तेव्हा आण्णा गुडघाभर पाण्यात उभे होते. बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, उतरवून घ्यायला हात पुढे करण्याआधी त्यांनी वाकून वाटी बघितली. भिजून काकडलेल्या काकींनी तिथेच सुनावलं, की जन्मभर त्या नळकांड्यालाच बघत बसा.

मला त्यांची माफी मागायची होती. पण पुरानंतर आधी शाळेतला चिखल होता, मग पंचनामे, आणि पारावर भेटले की ते रुमाल काढून बसायचे आणि मला पुन्हा वैताग यायचा. वैतागलेल्या माणसाला माफी मागता येत नाही. गेल्या थंडीत ते झोपेतच गेले आणि माझी माफी राहून गेली.

तेराव्यानंतर मी काकींकडे गेलो. त्यांनी चहा दिला. मी तेव्हा, उशिराने, त्या वाक्याबद्दल बोललो. म्हटलं, मला माहीत नव्हतं तुम्ही तिथे होता.

“त्यांनी सांगिटलंय मला,” काकी म्हणाल्या. “म्हणत हुते, गुर्जी वरडले ते बरं झालं. मलाबी तसंच वरडायचं हुतं. पर वरडलो असतो तर हात थरथरला असता, आन् तळाचं पाणी वर आलं असतं.”

हे त्यांनी मला सांगायला काय हरकत होती? पण नाही. तेही बसू दिलं, वरचं तेवढं बायकोला दिलं आणि तळाचं स्वतःजवळ ठेवलं. मला त्या क्षणीही त्यांचा रागच आला, आणि रडूही.

कपात चहापत्ती तरंगत होती. काकींचं लक्ष गेलं. म्हणाल्या, आता कोण बघतंय म्हणून नीट गाळत न्हाई. मी खिशातून रुमाल काढला, दुसरा कप मागितला आणि सावकाश ओतायला लागलो. बराच वेळ लागला. काकी माझ्या हाताकडे बघत होत्या.