बाटलीतलं अंजीर

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरातलं कुणीही सांगेल. आता वयाबरोबर तो थोडा मवाळ झालाय. पण बहात्तरच्या दुष्काळात मी पंचविशीचा होतो, नगरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, आणि झाडांमधलं आपल्याला जरा जास्तच कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

आमचं गाव सुप्याला एसटीतून उतरून पुढे दीड-दोन तास पायी. त्या वर्षी दिवाळीच्या आतच विहिरीनं तळ दाखवला. बैल छावणीत गेले आणि आबा, म्हणजे माझे वडील, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. स्वतःच्या रानाबाहेर ज्यांनी कधी कुणाच्या हाताखाली काम केलं नव्हतं, ते मुकादमानं हाक मारली की उठून उभे राहत. हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि पुन्हा त्या कामाकडे फिरकलो नाही. आईला त्यांनी माझ्याकडे नगरला पाठवून दिलं. गावात टँकरचं पाणी माणशी मोजून मिळायचं. माझं तरी लग्न झालेलं नव्हतं, खानावळीचं जेवण चाललं होतं, तेवढीच माझ्या जेवणाची सोय होईल असं त्यांनी कारण सांगितलं.

विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडायचं तिथं, आबांचं अंजीर होतं. कधीकाळी नगरच्या लष्करी हद्दीतल्या एका बंगल्याच्या माळ्याकडून त्यांनी काडी आणून लावली होती. तो बंगलाही नंतर पडला आणि माळीही गेला. फळ लहान, जवळजवळ काळं, आणि देठाशी चिकाचा एक थेंब. तसं अंजीर मी नंतर कुठेही खाल्लं नाही. आबा फळं पाटीनं वाटायचे, पण कुणी काडी मागितली की त्यांचा चेहरा बदलायचा. फळं हवी तेवढी खा म्हणायचे, काडीचं नाव काढू नका. सोयऱ्यांनी मागितली, पाटाच्या पाण्यावरच्या मोठ्या बागायतदारानं मागितली, कुणालाच दिली नाही. गावभर त्यांच्या या चिकटपणाची चेष्टा चालायची आणि आबांना त्या चेष्टेचा थोडा अभिमानच होता.

जानेवारीत ते एकदा सकाळीच नगरला माझ्या खोलीवर आले. बगलेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी. उलगडली तर अंजिराच्या बारा काड्या, वीत-वीतभर, तिरक्या कापलेल्या. पाणी प्यायले, आईशी दोन शब्द बोलले, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "झाड काय ऱ्हात न्हाई. तू झाडांचंच शिकलास न्हवं? एवढं एक जगव."

आबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. शिक्षणाबद्दलही ते कधी बरं-वाईट बोलले नव्हते. मी अगदी हसून सांगितलं की यात काहीच अवघड नाही, माती लागतच नाही, नुसत्या पाण्यात मुळं फुटतात, आम्ही प्रयोगशाळेत करतो. पाण्यात? त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते दुपारच्या गाडीनं परत गेले.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. अंगण नव्हतं, ओसरी नव्हती, कुंडी ठेवायलाही जागा नव्हती. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी यायचं, ते भरून ठेवायचं. मी ओळखीच्या कंपाउंडरकडून औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणल्या, उकळून घेतल्या. उजेड लागला की पाण्यात शेवाळ धरतं, म्हणून प्रत्येक बाटलीला खाकी कागद गुंडाळला. नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास मारायचा, तेव्हा ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरायचं. प्रत्येक बाटलीत कोळशाचा धुतलेला खडा. काडीचं खालचं पेर पाण्यात, वरचे दोन डोळे बाहेर. उत्तरेच्या खिडकीत बारा बाटल्या ओळीनं मांडल्या, एक वही घातली आणि तारीखवार नोंदी लिहायला लागलो. आई भाकरी थापता थापता हे सगळं बघत होती. तिनं एवढंच विचारलं की यांना रोज काय लागतं. मी म्हणालो, तुला नाही कळायचं, मी बघतो.

दहा-बारा दिवसांत डोळे फुगले, दोन-तीन काड्यांना हिरवं टोक आलं. मी आबांना कार्ड टाकलं की सगळं ठीक आहे. आणि मग एकेक काडी खालून काळी पडायला लागली.

पुस्तकात जे जे होतं ते मी केलं. काळा भाग कापून टाकून नवा काप घेतला. काप पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या जांभळ्या पाण्यात बुडवला. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदलत होतो ते रोज बदलायला लागलो, आणि त्या वर्षी पाणी ओतून देणं म्हणजे काय हे नगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ते पाणी आई गोळा करून त्यानं फरशी पुसायची. खिडकीतून ऊन येतं की काय म्हणून बाटल्या आत घेतल्या, हवा लागत नाही की काय म्हणून पुन्हा बाहेर ठेवल्या. संध्याकाळी कॉलेजातून येऊन कागद सोडला की पाणी गढूळ, कापावर बुळबुळीत साय, आणि तळाशी बारीक लालसर गाळ. त्या गाळाबद्दल मी वहीत लिहिलं: नळाच्या पाण्यात लोहाचे प्रमाण अधिक असावे. आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना ती नोंद दाखवली, त्यांनीही मान डोलावली. आम्ही दोघं शास्त्राची माणसं.

आठवड्याच्या आठवड्याला आबांचं कार्ड यायचं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. खुशालीच्या दोन ओळी आणि शेवटी "अंजिराचे काय ते कळवणे." मी उत्तरात बारा काड्यांच्या ठिकाणी "बऱ्याच काड्या" लिहायला लागलो, मग "काही काड्या". नऊ गेल्या तेव्हा मी उत्तरच पाठवलं नाही. माझी झोप उडाली होती. एवढं साधं काम, शाळेतलं पोर करील असं, आणि माझ्या हातांना ते जमत नव्हतं.

एका सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. मी अंथरुणातच पडून होतो. आईची पूजा झाली. देवांना अंघोळ घातलेलं पाणी तांब्याच्या ताम्हणात घेऊन ती खिडकीशी गेली, आणि पळीनं एकेका बाटलीत घालायला लागली. सोमवार म्हणून त्यात चमचाभर दूध होतं. गंध होतं, अक्षता होत्या, आणि कुंकू होतं.

मी झडप घालून तिच्या हातातली पळी हिसकावून घेतली. ताम्हण कलंडलं, पाणी फरशीवर गेलं. आईनं आधी त्या पाण्याकडे बघितलं आणि ते पायाखाली येऊ नये म्हणून पदरानं पुसायला खाली बसली. गावाकडे ती ते तुळशीला घालायची. इथं तुळस नव्हती. घरात झाडं म्हणायची ती एवढीच.

मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्याची माझी हिंमत नाही. दूध नासतं, तांब्यानं मुळं जळतात, तुझ्या अडाणीपणानं आबांचं झाड मारलंस, असं बोललो. खालचे बिऱ्हाडकरू जिन्यात आले इतक्या मोठ्यानं बोललो. आई पुसता पुसता म्हणाली, "तू त्यात तुजं औषध घालतोस, त्ये मला कळत न्हाई. मला जे कळतं त्ये मी घातलं."

मी तिला बजावलं, "आजपासून बाटल्यांना हात लावायचा नाही. पाण्याचा एक थेंबसुद्धा घालायचा नाही."

ती बरं म्हणाली.

उरलेल्या तिनांपैकी दोन काड्या आठवड्याभरात गेल्या. एक तगली. तिच्या पेराशी आधी पांढरे पुरळ उठल्यासारखे दाणे आले आणि मग एका सकाळी दोन पांढरी मुळं, नखाएवढी. मी वेड्यासारखा ती बाटली उजेडात धरून बघत बसलो. मुळं वाढली तशी प्रयोगशाळेतली क्षारांची पुडी आणून फार पातळ करून घातली. पहिलं पान पिवळट आलं, लोहाचा कण दिला, दुसरं हिरवंगार आलं. आईला मी हाक मारून दाखवलं. ती लांबूनच बघायची. जवळ येताना हात मागे धरायची, हे मला दिसत होतं, आणि मला त्याचं बरं वाटत होतं.

मार्चमध्ये आबा येऊन गेले. त्यांच्या हाताला खडीनं चिरा पडल्या होत्या. मी बाटलीचा कागद सोडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी काचेतून मुळांकडे बराच वेळ बघितलं. मग सांगितलं की विहिरीवरचं झाड गेलं, सालीखाली नखानं खरवडून बघितलं, सगळीकडं तपकिरी हाय. म्हणजे आता जगात ते अंजीर एवढंच, या बाटलीत. गावी न्यावं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "कुटं लावू? मानसाला पानी न्हाई. पाऊस पडंस्तोवर तू संबाळ."

जाताना त्यांनी जिन्यातून मागं वळून खिडकीकडे पाहिलं.

एप्रिलच्या सुरुवातीला मला परीक्षेच्या कामावर संगमनेरला जावं लागलं. तीन दिवसांचं काम होतं. निघताना बाटली गळ्यापर्यंत भरली, खिडकीचं एक दार लावून सावली केली. आईला काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं आहे असं डोक्यातच आलं नाही. संगमनेरला मुलांच्या तुकड्या वाढल्या आणि तिनाचे सात दिवस झाले. उन्हाळा नगरचा. अंजिराला आतापर्यंत तळहाताएवढी तीन पानं होती आणि बाटली खोकल्याच्या औषधाची होती.

मी परत आलो तेव्हा आई खिडकीखालीच भिंतीला टेकून बसली होती. बाटली कोरडी होती. पानं लोंबून कुरकुरीत झाली होती आणि मुळं काचेला आतून चिकटली होती. खोलीत पाण्याचे दोन हंडे काठोकाठ भरलेले होते.

"रोज बघत हुते," आई म्हणाली. "पानी खाली खाली जात हुतं."

मी विचारलं, मग घातलं का नाहीस.

"मला वाटलं, तुमच्या शास्त्रात आसंल तसं."

मी बाटली भरली, काडी कापून बघितली, पुन्हा कापून बघितली. शेवटपर्यंत तपकिरी होती. आईला जवळ घ्यावं असं वाटलं आणि तेही जमलं नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

दोन दिवसांनी रविवार होता. आबा आले. जिना चढल्या चढल्या त्यांची नजर खिडकीकडे गेली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं चुलीपासून न उठता सांगितलं, "माज्या हातनं मेलं त्ये."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं यासाठी त्यांनी पुरेसा वेळ दिला होता, असं मला आजही वाटतं. मी फरशीकडे बघत राहिलो. मग ते आईला म्हणाले, "जेवायला वाढ," आणि हात धुवायला गेले. त्या दिवसानंतर त्यांनी अंजिराचा विषय काढला नाही. आईशी मात्र ते बरेच दिवस तुटक बोलत. गावातल्या लोकांना ते सांगत की पोरानं जगवलं होतं, म्हातारीनं घालवलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पोस्टमन एक कार्ड देऊन गेला. संगमनेरच्या कॉलेजवर पाठवलेलं, मी तिथून निघाल्यावर पोचलेलं, पत्ता खोडून नगरला परत फिरवलेलं. अक्षर खालच्या बिऱ्हाडातल्या मुलीचं होतं. मजकूर एका ओळीचा. "तुमच्या आई विचारतात, बाटलीतले पाणी निम्मे झाले आहे, साधे पाणी घालू का, लवकर कळवावे."

आई आत डाळ निवडत होती. कुणाचं आलं म्हणून तिनं विचारलं. मी कार्ड वहीत सरकवलं आणि कॉलेजचं आहे म्हणून सांगितलं.