मामांच्या पाखरांची नखं

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला. माझे सासरे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात डबा घेऊन गेले होते. नाकात नळी, आवाज खोल गेलेला, तरी त्यांनी हातानं जवळ बोलावलं. वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलतील... "पिंजऱ्याला कुणी हात लावायचा न्हाई. मी आल्याव बगतो." त्यांनी मला ऐकवलेलं हे शेवटचं वाक्य. पहाटे फोन आला आणि, खरं सांगते, मला रडू आलं नाही.

आमच्याकडं घोटावड्यात सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांना कंपनीतून रिटायर झाल्यावर लव्हबर्ड पाळायचा नाद लागला. पडवीत मोठा पिंजरा, त्यात बसायला गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्या. त्यावर नखं झिजत नाहीत, वाढून वळतात. पेरूची खडबडीत फांदी लावा, नखं आपोआप झिजतील, असं दुकानदारानं सांगितलं होतं. पण मग मामांचा रविवार कसा साजरा झाला असता? रविवारी सकाळी खुर्ची उन्हात यायची. आत्या पाखरू जुन्या पंच्यात गुंडाळून धरायच्या, मान दोन बोटांत, छातीवर दाब नाही. पाखरू चावायचं ते त्यांनाच. मामा चष्मा लावून नख उजेडात धरायचे, आतली लाल शीर बघायचे आणि ती सोडून नुसतं टोक उडवायचे. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबायचं, त्याची डबी शेजारीच असे. तेवढ्या वेळापुरता तो माणूस लोण्यासारखा मऊ व्हायचा. "झालं गं माजी बाय," म्हणायचा... पाखराला. जिचं बोट रक्ताळलंय तिला नाही. आत्यांनी एकदा नेलकटरला हात लावला, तर म्हणाले, "ठिव ते. तुला जमायचं न्हाई."

हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं सगळ्यांत पडायचं. आत्यांना बचत गटात मसाले करायला जायचं होतं, तेव्हा हेच. मी स्कूटर शिकले, पिरंगुटला नोकरी धरली, तेव्हाही हेच. मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. आत्यांनी मात्र ते आयुष्यभर खरं मानलं. याचा राग मला आजही येतो, आणि फोटोला हार घातला म्हणून तो जाणारा नाही.

मामांच्या आजारपणात नखं वाढतच गेली. हुकूमच होता, हात कोण लावणार? सुतकातच एका सकाळी पिंजऱ्यावर रात्री टाकलेली लोकरीची शाल काढायला गेले, तर एक पिवळं पाखरू एका पायानं उलटं लोंबत होतं. जाळीतून बाहेर आलेलं नख शालीत गुंतलं होतं. मी दोरा तोडून त्याला बाहेर काढलं. मामांचे चुलतभाऊ ओट्यावर चहा पीत होते. मी नेलकटर मागितलं तसे म्हणाले, दहाव्यापर्यंत ह्या घरात नख कापायचं नसतं, सोडा त्याला पिंजऱ्यात. सोडलं असतं तर पुन्हा अडकून पाय मोडला असता, एवढं आंधळ्यालाही दिसलं असतं. तेवढ्यात आत्या कोनाड्यातलं नेलकटर घेऊन बाहेर आल्या.

"सुतक आमाला हाय, भावजी. पाखराला न्हाई."

मी पाखरू धरलं आणि त्यांनी शीर सोडून नेमकं टोक उडवलं. त्या दिवशी मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

आता रविवारी त्या खुर्चीत आत्या बसतात आणि पाखरू मी धरते. पेरूची फांदी लावून हे सगळं बंदच करायचं मी ठरवलंय, पण त्याआधी एकदा तरी नख आपण कापावं असं मनात होतं. गेल्या रविवारी म्हटलं, आत्या, आज मी कापून बघू का? त्यांनी मान वर न करता चष्म्यावरून बघितलं.

"ऱ्हाऊ दे. तुला जमायचं न्हाई."

तोच सूर. चष्म्यावरून बघणंसुद्धा तेच... माणूस जाळून आलो आणि त्याचं वाक्य घरीच राहिलं. मला इतका राग आला की पाखरावरची बोटं आवळली जातील अशी भीती वाटली.

"आत्या, हे मामांचं बोलणं हाय," मी म्हटलं. "तुमचं न्हाई."

त्यांनी हातातल्या नेलकटरकडं एकदा बघितलं. मग ते माझ्या मांडीवर ठेवलं, पाखरू आपल्या हातात घेतलं आणि खुर्चीतून उठून पायरीवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी नख उजेडात धरलं. शीर दिसली. घाबरून अगदीच थोडं टोक कापलं गेलं, अजून बरंच कापायला हवं होतं.

आत्यांनी पाखराचा तोच पाय पुन्हा माझ्यापुढं धरला.