पाणी उकळूनही शांता गेली

मित्रांनो, आज सकाळी आक्काला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला घेऊन राजूरजवळच्या आमच्या गावी गेल्तो. तळ्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी साय आली होती. कॉलेजातल्या एक मॅडम पाण्याचे नमुने घेत होत्या.

आक्कानं त्यांना सहज विचारलं, "हे पाणी उकळून पेलं तर चालतंय का?"

"नाही मावशी. या सायीत कितीतरी प्रकारचे जिवाणू एकत्र राहतात. उकळल्यावर ते मरतात, पण काहींनी तयार केलेलं विष पाण्यात तसंच राहतं."

आक्का तळ्याच्या काठावर बसली.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या, तेव्हा आम्ही याच तळ्याचं हिरवं पाणी प्यायचो. आमची धाकटी बहीण शांता उलट्या होऊन गेली. आईनं पाणी न उकळता पाजलं, असं सगळे म्हणाले. आमचे वडीलसुद्धा. आई मरेपर्यंत एकच सांगायची, "म्या उकळलं होतं."

"मंग आमची शांता यानंच गेली का?" आक्कानं विचारलं.

"ते आता सांगता येणार नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण पाणी उकळलं असलं तरी असं होऊ शकतं."

परतताना आक्का गाडीत एवढंच बोलली, "आई खरंच सांगून राह्यली होती रे."

तळं असं हिरवं दिसलं तर ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका.

आणि एक विचारतो. आईवरचा हा ठपका आता कुणापुढं जाऊन पुसायचा? ठेवणारं तर कुणीच उरलं नाही.