सुपारी फुटल्याचा आवाज

वकीलबाईंच्या टेबलाशी माझी भाची आणि तिचा होणारा नवरा लग्नाआधीचा करारनामा समजून घेत होते. तिनं सरळ विचारलं, "उद्या वेगळं व्हायची वेळ आली, तर घर कुणाचं?" तो चिडला नाही. "थांब, ते कलम पुन्हा वाचू," म्हणत त्यानं कागद तिच्याकडे सरकवला. "कोर्टात याला फारसं वजन नाही हं," वकीलबाई म्हणाल्या. तरी दोघं डोक्याला डोकं लावून वाचत राहिली.

असलं अभद्र आधीच बोलू नये म्हणतात. मला मात्र इतकं जवळ बसलेलं जोडपं आठवेना. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं.

माझ्या लग्नाच्या बैठकीत पोहे देऊन मी आत गेले होते. बाहेर मामा-काका बोलत होते. ओट्याशी उभ्या उभ्या मी सुपारी फुटल्याचा आवाज ऐकला. "ठरलं गं!" म्हणत आईनं हातावर साखर ठेवली. काय ठरलं, हे विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

"मावशी, कंटाळलीस? बाहेर बसतेस का?" भाचीनं मायेनं विचारलं.

"नाही," मी जरा जोरातच म्हणाले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली. "मोठ्यानं वाच. मलाही ऐकायचंय."